दुपारी चढणारा दाब

गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे तिला वाइंडिंगवाली म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई. जळालेल्या मोटारी, पंखे, पाण्याचे पंप तिच्याकडे येत. आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची आणि यंत्र पुन्हा फिरतं करून द्यायचं, हा तिचा धंदा.

दुकान मूळ नवऱ्याचं. तो होता तोवर ती घरी बसून कॉइली गुंडाळून द्यायची, तेवढाच तिचा हात लागायचा. तो गेल्यावर शटर बरेच दिवस खालीच होतं. दीर म्हणाला, जागा भाड्याने देऊन टाकू. तिने ऐकून घेतलं, त्याच्याकडून किल्ली मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. सुरुवातीला गिऱ्हाइकं दारातून आत डोकावायची आणि विचारायची, "मालक कुठे आहेत?"

"समोर उभ्या आहेत," ती म्हणायची. "मोटार खाली ठेवा आधी, कंबर धरेल."

हळूहळू लोकांना सवय झाली. हात चोख होता, वायदा पाळायची. एकच खोड होती. मोटार परत देताना ती हटकून सांगायची, "तार भरून दिली आहे, पण जळली कशाने ते शोधा. नाहीतर पुन्हा माझ्याच दारात याल." दीर हे ऐकून कपाळावर हात मारायचा. दुकानदाराने असं बोललं तर धंदा बुडेल, असं त्याचं म्हणणं. ती म्हणायची, "पट्टी बांधणाऱ्याने चाकू जपून धर म्हणून सांगितलं, तर त्याच्या पोटावर पाय येतो का?"

घरात ती आणि थोरली नणंद, दोघीच. नणंदेला ती वन्सं म्हणे. वन्संनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, "मला कुणी पसंत पडलं नाही." उभं आयुष्य सुताच्या कारखान्यात काढलेलं. तिथला तंतू अन् तंतू छातीत जाऊन बसला होता. म्हातारपणी फुप्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं. ते दिवसरात्र चालायचं. वन्संच्या नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला खोलीच्या कोपऱ्यात घुरघुरणारं मशीन, आणि शेजारी, वीज गेलीच तर हाताशी असावा म्हणून, भरलेला सिलिंडर. नळी लांब होती. वन्सं ती पदरासारखी मागे ओढत घरभर हिंडत आणि वहिनीच्या प्रत्येक कामात चूक काढत. श्वास कमी पडायचा, शब्द कधी कमी पडले नाहीत.

मशीन असं सतत चालतं म्हटल्यावर विजेचा खर्च वाढणारच. म्हणून वाइंडिंगवालीने छपरावर सोलरचे पॅनेल बसवून घेतले. गल्लीत तोवर आणखी चार-पाच घरांवर पॅनेल चढले होते. पॅनेलची वीज घरात वापरायची, उरलेली रस्त्यावरच्या लाइनीत सोडायची, असा तो प्रकार. मधे एक पेटी असते, इन्व्हर्टर. उन्हाची वीज घराच्या विजेसारखी करून तीच पुढे ढकलते. बसवायला आलेला सोलरवाला मोठा अदबीचा माणूस. त्याने इन्व्हर्टर गच्चीच्या जिन्यात लावला आणि तार समोरच्या भिंतीवरून सरळ खाली मीटरपर्यंत आणायला घेतली. तेवढ्यात वन्सं नळीसकट दारात आल्या.

"ही काळी सापासारखी तार माझ्या भिंतीवर नको," त्या म्हणाल्या. "येणारा-जाणारा काय म्हणेल? मागून न्या."

सोलरवाल्याने वाइंडिंगवालीकडे पाहिलं. तिला दुकानात जायची घाई होती. "न्या मागून," ती म्हणाली. तार घराला वळसा घालून, मोरीच्या मागून, माळ्यावरून फिरून मीटरपाशी आली. भिंत गोरीपान राहिली. वन्सं खूश झाल्या.

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग थंडीचे दिवस आले. आभाळ निरभ्र, हवा गार, ऊन लख्ख. अशा दिवसांत पॅनेल सगळ्यात जोमाने काम करतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत इन्व्हर्टर भर दुपारी बंद पडायला लागला. जिन्यात टकटक आवाज व्हायचा, लाल दिवा लागायचा, थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचा, पुन्हा बंद. घरातले दिवे एकदम झगझगायचे, मग नरम पडायचे. वन्सं म्हणाल्या, "तुझ्या सोलरला दुपारची डुलकी लागते वाटतं." वाइंडिंगवाली हसली आणि उद्या बघू म्हणाली.

तो उद्या उजाडायच्या आधीच व्हायचं ते झालं. सुट्टीचा दिवस होता. गल्लीच्या कोपऱ्यावरचा सुतारकारखाना बंद, लाँड्री बंद. दोघी जेवायला बसल्या होत्या. डोक्यावरचा दिवा पांढराफटक झाला, कोपऱ्यातल्या मशीनमधून चट् असा आवाज आला आणि करपल्याचा वास सुटला. तो वास ती रोज हुंगत होती, पण दुकानात, दुसऱ्यांच्या यंत्रांतून. घुरघुर थांबली. वन्संनी घास खाली ठेवला.

वाइंडिंगवालीने उष्ट्या हाताने मेन स्विच खाली ओढला, सिलिंडरची चावी फिरवली, नळी काढून त्याला जोडली. वन्संचे ओठ निळसर झाले होते. थोड्या वेळाने रंग परत आला. त्यांनी तिचा हात धरला होता तो सोडला नाही.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ताट झाक. माशा बसतील."

संध्याकाळच्या आत भाड्याने देणाऱ्या दुकानातून दुसरं मशीन आलं. दरम्यान वाइंडिंगवाली सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसून होती. आयुष्यभर ती लोकांना सांगत आली होती, जळलं कशाने ते शोधा. आता तिच्याच घरात जळलं होतं. मशीन येऊन घुरघुरायला लागलं तेव्हा ती उठली आणि वन्संना म्हणाली, "हे मी मुळापासून काढणार आहे. कितीही फेऱ्या पडोत."

"काढ," वन्सं म्हणाल्या. "पण आधी जेव."

दुसऱ्या दिवशी सोलरवाला आला. त्याने इन्व्हर्टरचा पडदा पाहिला, मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि सुटल्यासारखा चेहरा केला. "मावशी, साधी गोष्ट आहे. लाइनीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त चढला की इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. ती मर्यादा मी मोबाइलवरून वाढवून देतो. मग बंद पडणार नाही."

"आणि दाब?"

"दाब काय, तो लाइनीचा. आपल्या हातात नाही."

"म्हणजे ताप तसाच राहणार आणि तुम्ही थर्मामीटरवरचे आकडे पुसणार," ती म्हणाली. "घरात माणूस नळीवर आहे. मर्यादेला हात लावू नका."

सोलरवाला ओशाळला. त्याने एक स्टॅबिलायझर आणून मशीनच्या मागे बसवला. तो तिने बसवू दिला. पण गळक्या घरात छत्री उघडून बसण्यापैकीच ते, हे तिला कळत होतं. मशीन वाचलं तरी पंखा, फ्रिज, शेजाऱ्यांची घरं उघडीच होती.

आधी आपलं घर तपासायचं, असं तिने ठरवलं. दुकानातून एक छोटा व्होल्टमीटर आणला. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचला की आकडा दाखवणारा. तो मीटरच्या बोर्डाजवळच्या प्लगमध्ये लावला आणि समोर वन्संना खुर्चीवर बसवलं. स्वतः जिन्यात इन्व्हर्टरच्या पडद्यापुढे उभी राहिली. दोघींच्या कानाला मोबाइल.

"किती दिसतंय, वन्सं?"

"दोनशे... थांब, चष्मा. दोनशे एकावन्न. आता बावन्न. हे सारखं हलतंय, तुझ्यासारखं."

वर पडद्यावर दोनशे बासष्ट होते; असायला हवेत दोनशे तीस-चाळीस. तिने दोनदा विचारून खात्री केली. एकाच घरात, एकाच क्षणी, वर दहा-अकराने जास्त. ढग आला की दोन्ही आकडे जवळ यायचे, ऊन पडलं की लांब जायचे. ती जिन्यातच खाली बसली. तिला उमगायला वेळ लागला नाही. इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर लाइनीपेक्षा थोडा जास्त जोर लावावा लागतो. तार जितकी लांब आणि बारीक, तितका जोर जास्त. गळ्याजवळ चिमटलेल्या पाइपातून पाणी सोडायला पंपाला लागतो तसा. त्यांची तार घराला प्रदक्षिणा घालून येत होती.

सोलरवाल्याला तिने बोलावून घेतलं आणि त्यालाच वर उभं करून आकडे मोजायला लावले. त्याने मोजले आणि म्हणाला, "वळसा घेतला तेव्हा मी तार जाड घ्यायला हवी होती. हा माझा हिशेब चुकला." माणूस खोटा नव्हता. त्याने दोन दिवसांत इन्व्हर्टर जिन्यातून काढून खाली मीटरच्या शेजारी आणला आणि जाड, तोकड्या तारेने जोडला. पॅनेलकडून येणाऱ्या तारा मात्र समोरच्या भिंतीवरून सरळ खाली आणाव्या लागणार होत्या. एकीच्या जागी दोन. वाइंडिंगवालीने वन्संकडे पाहिलं. वन्संनी भिंतीकडे पाहिलं.

"पाइपात घालून रंग तरी द्याल ना?" त्या म्हणाल्या.

एवढं केल्यावर वरचा आणि खालचा आकडा जवळजवळ सारखा झाला. कामाच्या दिवशी इन्व्हर्टर बंद पडायचा थांबला. पण सुट्टीच्या दुपारी लाल दिवा लागलाच. खालचाच आकडा वर चढत होता, आणि मधेच हिसका दिल्यासारखा उडी मारत होता. म्हणजे उरलेलं दुखणं घराबाहेर होतं.

घराबाहेर पडल्यावर तिला कळलं की गल्लीत आधीच कुजबुज सुरू आहे. समोरच्या शिंप्याच्या मशीनची मोटार जळली होती. पलीकडच्या घरात दोन दिवे उडाले होते. शिंपी दुकानाच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांनी छपरावर आरसे लावले आणि आमच्या घरात जाळ. हिला काय, जळलं की हिच्याकडेच येतं. चित भी मेरी, पट भी मेरी."

ते तिला लागलं. ती तिथल्या तिथे रस्ता ओलांडून गेली. "मोटार द्या तुमची," ती म्हणाली. "भरून देते. आणि ही कशाने जळली ते सापडेपर्यंत गल्लीतली एकही मोटार मी पैसे घेऊन भरणार नाही. आता तुम्ही माझ्याबरोबर वीज कंपनीच्या कचेरीत येणार की पायरीवरूनच बोलणार?"

शिंपी तापट होता, पण न्यायाचा होता. त्याने गळ्यातली टेप काढून खुंटीला अडकवली.

कचेरीतल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की तपास होईल. तो झालाही. लाइनमन सकाळी आला, आकडा पाहिला आणि म्हणाला, "ठीक आहे की, बाई. एकदम निरोगी लाइन."

"सकाळी ठीकच असते. सुट्टीच्या दुपारी या."

"सुट्टीला आम्हालाही सुट्टी असते."

लाइनमन गेला आणि कागदावर तक्रार मिटली. ती पुन्हा गेली. पुन्हा सकाळी तपास, पुन्हा निरोगी. दीर म्हणाला, आता सोडून दे, भिंतीवर डोकं आपटून भिंत फुटत नाही. ती म्हणाली, "भिंतीवर नाही आपटत मी, दार शोधतेय." तिसऱ्या वेळी शिंपी बरोबर होता; ती खिडकीवर थांबलीच नाही. आत इंजिनीअर बाई बसत. सगळा विभाग त्यांच्याकडे. त्या दुसऱ्या वस्तीत केबल फुटली म्हणून निघालेल्या, गाडीत एक पाय ठेवलेला.

"मॅडम, मला दोन वाक्यं बोलायची आहेत," वाइंडिंगवाली म्हणाली.

"बोला. गाडी सुरूच आहे."

"आमच्याकडे दाब फक्त भर उन्हात आणि फक्त सुट्टीच्या दिवशी चढतो, कारखाना बंद असला की. आणि नुसता चढत नाही, हिसके देतो."

इंजिनीअर बाईंनी दुसरा पाय आत घेतला नाही. "हिसके?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडे दिवा झगझगतो तेव्हा समोरच्या रांगेत कुणाचा मंद होतो का?"

हे वाइंडिंगवालीच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने शिंप्याकडे पाहिलं. शिंपी म्हणाला, "माझ्या मेहुणीकडे होतो. टोकाच्या घरात. आम्ही चेष्टा करायचो, हिच्या दिव्याला ग्लानी येते म्हणून."

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि गाडीच्या बॉनेटवर बोटाने रेघा ओढत समजावलं. गल्लीत वीज तीन तारांनी येते, घरं त्या तिन्हींवर वाटलेली असतात, पण परतीची तार सगळ्यांची एकच. ती कुठे सैल झाली असेल तर एका घराचा दाब चढतो आणि दुसऱ्याचा उतरतो. कारखाना बंद असला की सोलरची वीज खपत नाही, म्हणून तेही दाबात भर घालतं, पण आग लावणारं ते एकटं नाही. "आणि एक गोष्ट आमच्याकडची आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या टोकाच्या घरांना संध्याकाळी दाब कमी पडतो म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मरचा दाब एक पायरी वर ठेवला होता. तेव्हा तिथे एकाही छपरावर पॅनेल नव्हतं. नंतर कुणी तो पुन्हा पाहिला नाही. तुम्ही कुठली पेटीबिटी स्वतः उघडू नका. सुट्टीच्या दुपारी मी येते."

बाई येतील यावर गल्लीत कुणाचा विश्वास नव्हता. ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडी आली. इंजिनीअर बाई, तोच लाइनमन, हातात रबरी मोजे. लोक दारांत उभे राहिले. लाइनमनने कोपऱ्यावरची लोखंडी पेटी उघडली आणि लगेच चेहरा मागे घेतला. "मॅडम, वास," तो म्हणाला.

तो वास वाइंडिंगवालीला दहा पावलांवरून आला. परतीच्या तारेचा सांधा तपकिरी झाला होता, वरचं आवरण मेणासारखं ओघळलं होतं. कुणी हात लावायचीच देर, सुटला असता. आणि तो सुटला असता तर त्या दुपारी गल्लीतल्या निम्म्या घरांत काय झालं असतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं. वन्सं खिडकीत बसल्या होत्या.

"सांधा दुरुस्त करायला वीज बंद करावी लागेल," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "तुमच्या पेशंटचं काय?"

"सिलिंडर भरलेला आहे. एक जादाही आणून ठेवलाय. तुम्ही बंद करा."

वीज गेली. लाइनमनने जळका तुकडा कापून टाकला, नवं टोक बसवलं, पाना लावून अंगातला जोर लावून आवळलं. मग ट्रान्सफॉर्मरचा दाब एक पायरी खाली घेतला. सोलरची सगळी घरं योगायोगाने एकाच तारेवर लटकली होती; त्यातली काही उरलेल्या दोन तारांवर वाटून दिली. शिंप्याने सगळ्यांना पाणी आणून दिलं. लाइनमन घाम पुसत वाइंडिंगवालीला म्हणाला, "बाई, सकाळी खरंच निरोगी दिसत होती हो."

"खोटं कोण म्हणतंय?" ती म्हणाली. "मीही आधी माझ्याच घरात शोधत होते."

वीज आली तेव्हा ती धावत घरात गेली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली, शिंप्याच्या मेहुणीच्या दिव्याकडे पाहिलं, तो नीट जळत होता. मग एकेक घर विचारत परत आली. घरी वन्सं व्होल्टमीटरसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"दोनशे अडतीस," त्या म्हणाल्या. "मघापासून हेच. आता मला कंटाळा आला."

त्या दिवसानंतर वाइंडिंगवालीला नवीनच काम लागलं. गल्लीत कुणी सोलर बसवायचं म्हटलं की आधी तिला विचारायला येत. ती तीन-चार गोष्टी बघे: तार किती लांब, किती जाड, इन्व्हर्टर मीटरच्या जवळ आहे ना, प्रत्येक जोड आवळलेला आहे ना, अर्थिंगची तार खरंच जमिनीत गेली आहे की नुसती भिंतीत खोचली आहे. वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी, ती सोलरवाल्याला बोलावून सगळ्या घरांचे जोड त्याच्या हातून पुन्हा आवळून घेई. भर दुपारी आकडा बघायला तिने शिंप्याला शिकवलं, आणि चढलाच तर इंजिनीअर बाईंच्या कचेरीत तोच फोन करू लागला. दुकानात गल्लीतल्या मोटारी यायच्या कमी झाल्या. दीर म्हणाला, घे, केलंस ना स्वतःचं नुकसान. पण दुसऱ्या वस्त्यांतून माणसं येऊ लागली होती. काही मोटारी घेऊन, काही नुसताच प्रश्न घेऊन.

पुढच्या थंडीत, अशाच एका सुट्टीच्या दुपारी, दोघी जेवत होत्या. गल्लीच्या तोंडाशी नव्या घरावर पॅनेल चढवण्याचा आवाज येत होता. वाइंडिंगवालीने हात धुतले, पदर खोचला.

"कुठे निघालीस?" वन्संनी विचारलं. "आत्ता तर घास उतरलाय."

"तार कुठून नेताहेत ते बघून येते. मागून नेत असतील तर आत्ताच सांगितलेलं बरं."

ती बाहेर पडली. उन्हात डोळे बारीक करून तिने छपरावरच्या माणसाला हाक मारली आणि वर यायला शिडी धरायला सांगितली.